जळाली की जाळली

पंचफुलाबाई भांडखोर आहेत, असं गावात कोणीही सांगेल, आणि सांगताना हळूच मागे वळूनही पाहील. सीमेपलीकडच्या हिंदी राज्यात, रामाकोन्याच्या पुढे, संत्र्यांच्या बागांना लागून त्यांचं मराठी बोलणारं गाव. अंगणवाडीत आयुष्य गेलं, निम्म्या गावाची नाकं त्यांनी पुसली. त्यामुळे सरपंचालासुद्धा अरे-तुरे करताना त्यांची जीभ अडखळत नाही.

लहानपणी मात्र याच बाईच्या तोंडून शब्द फुटत नसे. ती पोर असताना गावातल्या काही लोकांनी बौद्धवस्तीला आग लावली. गुन्हा काय, तर भीमजयंतीची मिरवणूक बाजारचौकातून नेली. धाकटा भाऊ गौतम घरातच राहिला. वर सरकारी कागदात आलं, की लीलाबाईच्या चुलीतली ठिणगी उडाली. लीलाबाई म्हणजे पंचफुलाची माय. पोर गेलं ते गेलंच, आणि त्याला जाळल्याचा ठपकाही आईच्याच माथी. असल्या निर्लज्जपणाला काय म्हणावं? मरेपर्यंत बाजारात बाया तिच्याकडे बोट दाखवून कुजबुजायच्या, "हीच ते, चूलवाली."

यंदा मात्र वस्तीच्या चिवटपणापुढे सरकार नमलं. प्रशासन जाहीर माफी मागणार आणि ती माफी कोरलेला दगड चौकात बसणार, असं ठरलं. कागद हिंदीत असला तरी दगड आपल्या भाषेत हवा, हा हट्ट वस्तीचाच. आदल्या दिवशी टेम्पोतून दगड उतरला. पंचफुलाबाईंनी चष्मा पुसून वाचलं: 'या गावातील बौद्धवस्ती जळाली. निष्पाप जीव गेले. त्याबद्दल प्रशासन व ग्रामपंचायत क्षमा मागते.'

त्या तडक सरपंच वामनच्या दारात.

"वामन, जळाली नाही, जाळली. काना 'ज'ले पाह्यजे."

"मावशी, एका कान्यापायी काहून डोकं खाऊन राहिल्या? इतकं मोठं काम झालं."

"याच कान्यानं माह्या मायले चूलवाली केलं."

"जाळली लिहिलं तं लोक इचारतील, कोणी जाळली? म्हातारे हायेत अजून. गाव तापंल."

"नावं नको मले. सूडही नको. पण आग काही आभाळातून नाही पडली."

वामन म्हणाला, चहा घ्या. त्यांनी चहा घेतला नाही.

घरी सून रश्मीनेही समजावून पाहिलं. "आई, इतक्या वर्षांनी माफी भेटून राहिली. घेऊन टाका."

"घेऊन टाकाले ते काय रेशनचा गहू हाय?" सासूबाई फणकारल्या.

दुसऱ्या दिवशी चौकात मांडव, खुर्च्या, माईक, सगळा थाट. प्रशासनातर्फे एसडीएम साहेबांनी हात जोडून हिंदीत माफी मागितली, आणि खरंच मनापासून मागितली, हे कबूल करायला हवं. मग शाल-श्रीफळासाठी पंचफुलाबाईंचं नाव पुकारलं. त्या उठल्या, शालीकडे ढुंकूनही न पाहता पुढे गेल्या, आणि दगडासाठी खणलेल्या खड्ड्याच्या काठावर पदर खोचून बसल्या.

"साहेब, वीज पडली तं कोणी माफी मांगते का? वस्ती आपोआप जळाली, तं तुम्ही काहून हात जोडून राहिले?"

साहेबांना काही उमगेना. ते वामनकडे पाहू लागले. वस्तीतल्या बाया एकेक करून उठल्या आणि खड्ड्याभोवती बसल्या. रश्मीही आली, सासूला खेटून बसली.

वामनने माईक घेतला, दगडावरची ओळ मोठ्याने वाचायला लागला आणि 'बौद्धवस्ती'पाशी अडला. पहिल्या रांगेत त्याचा म्हातारा बाप बसला होता. म्हाताऱ्याची मान खाली होती.

"जाळली," वामन म्हणाला.

"कोणी?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

वामनने बापाकडे पाहिलं नाही.

"आमच्या लोकायनं."

पंचफुलाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ते त्यांनी पुसलं नाही, आणि त्या जागच्या हलल्याही नाहीत.

"आता झाली माफी," त्या म्हणाल्या. "आता हेच दगडावर कोरून आण. तवर हा खड्डा माहा."