पेद्रूच्या हातचं कधी फुटलं नाही

चाळीत राहणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. भिंती इतक्या पातळ, की शेजाऱ्याचा किस्सा आपल्याकडे येऊन बसतो आणि आपला त्याच्याकडे जातो. म्हातारपणी कोणता कुणाचा तेही कळेनासं होतं. पण हे जे सांगतोय ते माझ्याच घरातलं. हसू आज येतं. तेव्हा येत नव्हतं.

कासारवाडीला रेल्वे लाइनीला लागून आमची चार खोल्यांची चाळ होती. पिंपरीकडं तेव्हा कंपन्या नुकत्या कुठं उभ्या राहत होत्या. मी बॉयलरवर कोळसा मारायचो. शेजारचा गणपतही बॉयलरवरच. त्याच्या पलीकडं सोनाक्का, मूळची मोशीची, अर्ध्या गावाची बाळंतपणं केलेली. शेवटच्या खोलीत पेद्रू. तो गोव्याचा, कंपनीच्या परदेशी साहेबाच्या बंगल्यावर खानसामा. माझी बायको गोदा त्याच बंगल्यावर धुण्याभांड्याला जायची.

गोदाला पाचवा महिना लागला होता. आमचं पहिलं मूल जगलं नव्हतं. आणि या खेपेला तिच्या पोटात अन्नच ठरेना. भाकरी नको, भात नको, पाणीसुद्धा उलटायचं. हातातला चुडा मनगटावरून घसरून कोपरापर्यंत जायला लागला. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, "काहीही खाऊ दे, पण पोटात राहू दे. असं फार दिवस चालायचं नाही."

सोनाक्कानं तिला विचारलं, "काय खावंसं वाटतंय, बाई? मागशील ते आणू."

गोदा म्हणाली, "बंगल्यावरचं ते काळं बदामाचं बिस्कीट."

आणि बंगल्याला त्याच आठवड्यात कुलूप लागलेलं. साहेब आणि मेमसाहेब रजेवर, आपल्या देशी!

* * *

त्या बिस्किटाला मॅकरॉन म्हणतात. बदामाची पूड, साखर, अंड्यातलं पांढरं आणि कोको. दोन गोल टोप्या, मधे आंबटगोड फळाचा मुरंबा. वरून काचेसारखं गुळगुळीत, आतून मऊ.

"फार लहरी असतं ते," पेद्रू म्हणाला. "हवा दमट झाली, फुटलं. आच वाढली, फुटलं. पण माझ्या हातचं कधी फुटलं नाय. बंगल्यात जाऊन विचार!"

बंगल्याला कुलूप. विचारणार कुणाला?

जाताना मेमसाहेबांनी त्याला कोकोचा अर्धा डबा दिला होता. तो त्यानं समोर ठेवला. सोनाक्कानं लगेच बजावलं, "एक ध्यानात ठेवा. पोटुशीला फुटकं द्यायचं न्हाई, दावायचंबी न्हाई. आरसा न्हाई, बांगडी न्हाई, बिस्कुटबी न्हाई. अख्खं झालं तरच तिच्याम्होरं न्यायचं."

पहिलं मूल याच सोनाक्काच्या हातावर गेलं होतं. तिच्यापुढं बोलायची माझी छाती नव्हती.

भट्टी मी केली. तेलाचा पत्र्याचा डबा आडवा टाकला, आत वाळू, खाली निखारे, झाकणावर निखारे. आगीचं काम म्हणजे माझं काम, असं मला वाटलं. मी मन लावून फुंकलं. डबा उघडला तर आत नुसते कोळसे!

पेद्रूनं कपाळावर हात मारला. "शिदू, बिस्कीट भाजायचंय रे. आगगाडी नाय चालवायची!"

* * *

अंड्यातलं पांढरं घुसळून त्याचा घट्ट फेस करावा लागतो. यंत्र बंगल्यात राहिलेलं. आम्ही ताकाची रवी घेतली आणि आळीपाळीनं घुसळत बसलो. गणपत शिफ्टला निघाला होता, तरी जाता जाता हात मारायला बसला.

"झालं का नाय, कसं ओळखायचं?" त्यानं विचारलं.

पेद्रू म्हणाला, "पातेलं डोक्यावर उलटं धर. पडलं नाय, तर झालं."

गणपतनं धरलं. झालं नव्हतं!

कंपनीचा भोंगा वाजला. तोंड धुवायलाही वेळ नाही, तसाच पळाला. बॉयलरच्या धगीनं डोक्यावर त्याचं पांढरं कवच झालं. मुकादमानं दोनदा त्याच्याभोवती फेरी मारली. "गणपत, हे काय रे?"

गणपत सावधान उभा राहून म्हणाला, "काई न्हाई साहेब. शेजारच्या वहिनीला बरं न्हाई!"

* * *

टोप्या पत्र्यावर घातल्या की भाजण्याआधी तशाच सुकू द्यायच्या. वर बोट ठेवलं तर चिकटायला नको, इतकी साय धरली पाहिजे. त्या वेळी हादरा बसता कामा नये, असं पेद्रूचं म्हणणं. सगळी चाळ चवड्यांवर चालायला लागली. सोनाक्कानं कुटायचं थांबवलं. मी तर खोकलाही गिळायचो.

पण लाइन दहा पावलांवर. मालगाडी गेली की चुलीवरची झाकणं वाजायची.

एके दिवशी गणपत गुपचूप स्टेशनात गेला. केबिनमधल्या माणसाला हात जोडून म्हणाला, "राव, दुपारची मालगाडी जरा हळू सोडता का? बिस्किटं सुकाया घातलीत."

त्या माणसानं त्याला आपादमस्तक पाहिलं. डोक्यात अजून पांढरं होतं. सावकाश म्हणाला, "बसा. पुण्याला विचारून सांगतो."

गणपत बिचारा संध्याकाळपर्यंत बसून राहिला! गाडी वेळेवर गेली. टोप्या तडकल्या.

रात्री गोदानं विचारलं, "झालं का हो?"

"उद्या होतंय," मी म्हणालो. तिनं मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. पाठीची हाडं लुगड्यातून दिसत होती.

* * *

सोनाक्काची खात्री झाली की दृष्ट लागतेय. "एवडी लोकं वाकून वाकून बघत्यात. फुटनार न्हाई तर काय!"

त्या दिवशी टोप्या खरंच छान सुकल्या होत्या. डबा निखाऱ्यांवर चढला. पेद्रू पाणी आणायला गेला, मी दाराशी. सोनाक्कानं मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या मुठीत घेतल्या, डब्यावरून ओवाळल्या आणि टाकल्या विस्तवात. कुठल्या विस्तवात? समोर तोच एक होता!

सगळी चाळ अंगणात. कुणाला दिसत नव्हतं, कुणाला बोलवत नव्हतं. मी गोदाला उचलून लाइनीपलीकडं नेलं. ती किती हलकी झालीय ते मला तेव्हा हाताला कळलं. ओकारीनं तिचा जीव गेल्यासारखा झाला होता.

पेद्रूनं डोळे पुसत डबा उघडला. बिस्किटं तडकलेली, आणि वास असा की जवळ जाववेना.

सोनाक्का खोकत खोकत म्हणाली, "बघा! किती जबर दृष्ट व्हती!"

* * *

फुटकं घरात ठेवायचं नाही, म्हणून ते सगळं मी फडक्यात बांधून बॉयलरवर न्यायचो. तिथं कोळशाच्या ढिगावर बसून माणसं चहात बुडवून खायची. मिरचीवालं तर सगळ्यात आधी संपलं.

हळूहळू त्यांना सवय लागली. मी फाटकातून शिरलो की प्रत्येकाचं बघणं माझ्या फडक्याकडं. "काय शिदू, आज फुटली का?"

फुटली म्हटलं की खूश व्हायचे! त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांना पुरतं ठाऊक नव्हतं. पण इकडं पोटुशी बाई पाण्यावर, आणि तिच्या नावाचा घास सगळ्या शिफ्टच्या तोंडात.

मुकादम एकदा मिशीवरचा चुरा पुसत म्हणाला, "शिदू, वहिनीचे डोहाळे आम्हालाच लागले की रे!"

सगळे हसले. मीही हसलो. मग उठून बॉयलरच्या मागं गेलो.

* * *

डब्यात कोको तळाला गेला. पेद्रूनं चमच्यानं खरवडून काढला आणि म्हणाला, "हा शेवटचा."

त्या दिवशी बदाम जात्यावर हलक्या हातानं दळले, सोनाक्कानं आपल्या जुन्या पातळातून पूड गाळली. मधल्या मुरंब्यासाठी गणपत चाकणकडच्या डोंगरावरून करवंदं घेऊन आला. बंगल्यातलं विलायती फळ आम्ही कुठून आणणार? निखारे मी हातानं एकेक मांडले. फुंकर मारली नाही. पेद्रू गळ्यातला क्रूस मुठीत धरून बसला, सोनाक्का खंडोबाला बोलत होती.

डबा उघडला. आठच्या आठ टोप्या अख्ख्या! गुळगुळीत, काळ्याभोर, कुठं रेघ नाही. जोड्या लावून चार बिस्किटं झाली.

पेद्रूला रडू आलं. "मी म्हटलं नव्हतं? माझ्या हातचं कधी फुटलं नाय!"

पितळेच्या ताटलीत मांडून आम्ही चौघं गोदासमोर गेलो. तिनं उशीवरून मान उचलली. ताटलीकडं बघितलं, मग आमच्याकडं. तिचे डोळे भरून आले.

"हे न्हाई," ती म्हणाली.

मी ताटली तिच्याजवळ सरकवली. "अगं, हेच की. पेद्रूनंच केलंय."

"असलं मेमसाहेब पाहुण्यांना द्यायच्या. मी कुठं खाल्लंय? पेद्रूभाऊ मला मोरीमागं द्यायचे, रोज, फडक्यात गुंडाळून. तडकलेलं. चिरेतून मुरंबा भाईर आलेला." तिनं ओठांवरून जीभ फिरवली. "तसलं फुटकं न्हाई का एखादं?"

आम्ही तिघांनी पेद्रूकडं पाहिलं. पेद्रूनं दाराबाहेर लाइनीकडं पाहिलं.

"गाडी येते वाटतं," तो म्हणाला.

गाडी नव्हती.

सोनाक्का मग खाली बसली, ताटली मांडीवर घेतली, एक बिस्कीट उचललं आणि अंगठ्यानं दाबलं. कट्‌कन आवाज झाला. चिरेतून करवंदाचा रस तिच्या नखावर आला.

"आनलं तवा अख्खं व्हतं," ती आमच्याकडं न बघता म्हणाली. "मी सोता बगितलंय. खा, बाई."

गोदानं खाल्लं. आम्ही श्वास धरून तिच्या गळ्याकडं बघत होतो. घास खाली गेला. खालीच राहिला.

मग तिनं हात पुढं केला, आणि सोनाक्कानं दुसरं फोडलं.