जोडून उडवायचे फटाके

फटाके विकत आणून नुसते पेटवण्यात काय मजा, मुलांनी ते स्वतः जोडून बनवावेत, ही कल्पना मला सुचली तेव्हा मी स्वतःवर भलताच खूश झालो होतो. तुर्भ्याला प्लॅस्टिकच्या खेळण्यांचे साचे बनवण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. तुकड्यात तुकडा कसा बसवायचा हे मला कोणी शिकवायला नको. माझ्या पेटीत चार प्रकारचे तुकडे होते. खाली बैठक, त्यावर रंगाचा, मग आवाजाचा आणि वर टोपी. हिरवा हवा तर हिरवा लाव, आवाज नको तर तो तुकडा वगळ. आटे फिरवून जोडायचं, मन बदललं तर उलटे फिरवून सोडवायचं. दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी मी नमुने करत बसलो, दारूच्या जागी रंगवलेला लाकडाचा भुसा भरून. बायको म्हणायची, नेरूळच्या या घरात माझ्या भांड्यांना फळी मिळत नाही आणि तुमच्या तुकड्यांना अख्खं कपाट.

वाशीच्या एका फटाके व्यापाऱ्याला नमुना आवडला. कारखानदाराशी बोलतो म्हणाला, फक्त तुमचा होकार लेखी द्या. मी दोन दिवस मागून घेतले. आधी दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, पेटी दाखवायची होती. आणि त्याच्यापुढे फटाक्यांचा विषय काढायचा तर आणखी एक गोष्ट काढावी लागणार होती, जी मी पस्तीस वर्षं गिळून बसलो होतो.

आमचे वडील साताऱ्याकडचे, वाशीच्या बाजारात माथाडी. आम्ही कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत वाढलो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या मुलांचं एकच काम असायचं, गल्ल्यांमधून न उडालेले फुसके फटाके वेचायचे. ते सोलून आतली दारू कागदावर काढायची आणि पेटवायची. फुस्स करून जाळ उठला की आमची खरी दिवाळी. मोठ्यांना ते ठाऊक होतं, कोणी फारसं रागवायचं नाही. मी नऊ वर्षांचा होतो त्या वर्षी मला कागदावरचा जाळ पुरेना. मी सगळी दारू एका डबीत भरली, पेटवली आणि हातात धरून बघत राहिलो. चौदा वर्षांचा दादा धावत आला. त्याने डबी हिसकावली आणि फेकायच्या आत ती त्याच्या हातात फुटली.

त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात वडिलांनी विचारलं, हे कुणी केलं. दादा म्हणाला, "मी." मी बाजूलाच उभा होतो आणि गप्प राहिलो.

वडील थकले की हमालांच्या टोळीतली त्यांची जागा थोरल्या मुलाकडे जायची, ही आमच्याकडची रीत. पण गोणीला आकडा लावून ती पाठीवर घ्यायला पंजा धड लागतो. ती जागा चुलतभावाकडे गेली. दादा फळबाजारात एका गाळ्यावर राखणीला लागला, आजही तिथेच आहे. मी मात्र शिकलो. माझ्या हातात कला आहे असं लोक म्हणतात, आणि मीही ते निर्लज्जासारखा ऐकून घेतो.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी पेटी त्याच्यापुढे चटईवर ठेवली. तो अजून कोपरखैरण्याला वडिलांच्याच घरात राहतो. त्याने तुकडे उचलले, उरलेल्या बोटांत धरून फिरवले आणि फटाका उभा केला. मला बरं वाटलं. मी रंग, आवाज, उंची सगळं समजावून सांगत सुटलो. त्याने फटाका उलटा फिरवून सोडवला. पुन्हा जोडला, पुन्हा सोडवला. भुसा चटईवर सांडला.

"आन् ह्यो उडलाच न्हाई तर?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, एखाददुसरा नाही उडणार, साध्या फटाक्यांचंही तसंच असतं.

"तसं नव्हं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुनाचं तरी पोरगं त्यो वेचणार. त्याला सोलायबी लागायचं न्हाई. उघडायचा कसा ते तूच शिकवून ठिवलंयस."

दोन वर्षं मी एकेक आटा तपासला होता, आणि हा प्रश्न ज्याला सगळ्यांत आधी पडायला हवा होता त्या माझ्या डोक्याला तो शिवलाही नव्हता. विसरायचं ठरवून मी किती बेमालूम विसरलो होतो. स्वतःची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

मग मी बोललो. डबी माझी होती, पेटवली मी होती, तू माझ्यासाठी खोटं बोललास आणि मी ते बोलू दिलं. दादा सांडलेला भुसा तळहाताने गोळा करत होता.

"मला काय सांगतोस? मला म्हाईतच हाय की," तो म्हणाला. "बाबांना सांगायचं व्हतंस. मी लई वाट बघितली. ते आजारी पडले तवा वाटलं, आता तरी सांगशील. शेवटपातूर मला म्हणत व्हते, तुझ्या खुळेपणानं माझी जागा घालवलीस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने पेटीचं झाकण लावून ती माझ्याकडे सरकवली आणि वहिनीला चहा टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी वाशीला फोन करून नाही म्हणून कळवलं. व्यापाऱ्याने कारण विचारलं, मी ते एका वाक्यात सांगितलं. पोरं ते उघडतील. त्यालाही पटलं असावं, कारण त्याने पुन्हा आग्रह केला नाही.

वडिलांच्या शेवटच्या आजारपणात दादाला गाळ्यावरून सुट्टी मिळत नव्हती. दिवसभर त्यांच्या उशाशी मीच असायचो. ते पाणी मागायचे, मी चमच्याने पाजायचो, आणि मग आम्ही दोघं तासन्‌तास काही न बोलता बसायचो.