थांब ना जरा, चष्मा पाहतो

ऑनलाइन कोड्यांच्या स्पर्धा खेळणाऱ्यांच्या घरी मेडलं आणि सर्टिफिकेटं साठतात म्हणे. आमच्याकडे किस्से साठले. मेडल एकदा शोकेसमध्ये ठेवलं की विषय संपतो. हरलेल्या माणसाला मात्र घरी येऊन काहीतरी सांगावं लागतं. आम्ही इतक्या नियमानं हरलो, की आता पाहुणे आले, चहा झाला, की कोणीतरी म्हणतंच, तो मेश्रामांच्या ट्रकचा सांगा ना.

आधी माणसं सांगते. वानखेडे काका रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले. रायपूरच्या बूढ़ापारा मोहल्ल्यात आमच्या समोरच त्यांचं घर. टीमचे कॅप्टन तेच, कारण वायफाय त्यांच्या घरचं. त्यांची सून पल्लवी इथंच जन्मली, इथंच शिकली. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते. मेश्राम पलीकडच्या गल्लीत राहतात, उरला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीत एका रोलिंग मिलमध्ये क्वालिटीला आहेत. सळई वाकडी आहे का हे पाहण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे जगातली कोणतीच गोष्ट त्यांना पटकन सरळ वाटत नाही. चौथी मी. नवा रायपुरात सरकारी ऑफिसात आहे. कोड्यांचा नाद मला ऑफिसच्या बसमध्ये लागला. रस्ता लांबच लांब, आणि खिडकीबाहेर पाहावं असं काही नाही.

वानखेडे काकू टीममध्ये नाहीत. त्यांचं म्हणणं साधं आहे. "ज्याचं उत्तर त्यायले आधीच माहीत आहे, ते आपल्याले काहून विचारून राहिले?"



*

टीमचं नाव आम्ही ठेवलं नाही, ते पडलं.

पहिल्या स्पर्धेचं रजिस्ट्रेशन काका करत होते. मोबाइलवर टाइप करायचा त्यांना कंटाळा, म्हणून पल्लवीनं माइकचं बटण दाबून दिलं आणि सांगितलं, बोलिए, अपने आप लिख लेगा. काकांनी स्क्रीन जवळ आणली, लांब नेली, काही दिसेना. तेवढ्यात मी विचारलं, काका, नाव काय टाकून राहिले? काका म्हणाले, "थांब ना जरा, चष्मा पाहतो."

फोननं ते इमानदारीनं लिहून घेतलं. चष्मा सापडेपर्यंत फॉर्म पुढं गेला होता आणि नियमांत स्पष्ट होतं, टीमचं नाव बदलता येणार नाही.

हिंदी-इंग्रजी स्पर्धांमध्ये काही बिघडलं नाही. तिथं निवेदकाला वाटायचं, साउथकडचं काहीतरी नाव आहे. पण एकदा मराठी स्पर्धा होती आणि तिला दोन निवेदक होते. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ यादी वाचत होते. एकेक टीम हजेरी देत होती. आमचा नंबर आला आणि ते म्हणाले, "यानंतरची टीम... थांब ना जरा, चष्मा पाहतो."

आम्ही हजेरी दिली नाही, कारण आम्हालाही वाटलं ते खरंच चष्मा शोधताहेत. बऱ्याच वेळानं दुसऱ्या निवेदक बाई अदबीनं म्हणाल्या, "सावकाश शोधा सर, घाई नाही."

*

मेश्रामांचा ट्रकचा असा.

स्पर्धेत शिरण्याआधी आपण माणूस आहोत हे सिद्ध करावं लागतं. एका फोटोचे चौकोन येतात आणि ज्यात ट्रक दिसतो ते निवडा म्हणतात. आपण दिसेल ते दाबतो आणि पुढं जातो. मेश्राम नोकरीची सगळी वर्षं मिलच्या गेटवर गाड्या पाहत आलेले. त्यांनी चष्मा पुसला आणि तपासणी सुरू केली. यात एक ट्रेलर आहे, तो ट्रक नाही. हा टँकर, त्याचं काम वेगळं. या कोपऱ्यातल्या चौकोनात नुसता आरसा आहे. आरसा ट्रकचा पार्ट झाला, त्याला ट्रक कसं म्हणायचं?

इकडं स्पर्धा सुरू झाली होती. काका कळवळून म्हणाले, "अरे मेश्राम, दाबून टाक ना सगळे." मेश्राम म्हणाले, खोटी सही मी मिलमध्ये करत नाही, इथं कशाला करू?

थोड्या वेळानं स्क्रीनवर आलं की आपण माणूस असल्याची खात्री पटत नाही. खातं बंद.

मेश्राम घरी गेले नाहीत. तिथंच बसून त्यांनी मदत केंद्राच्या खिडकीत ट्रक आणि ट्रेलर यांतला फरक नीट समजावून लिहिला, चाकांसकट. क्षणात उत्तर आलं, धन्यवाद, आपला मुद्दा अगदी योग्य आहे. मेश्रामांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्यांचं म्हणणं पहिल्यांदाच कोणी एका फटक्यात मान्य केलं होतं.

पल्लवीनं वाकून पाहिलं आणि हळूच सांगितलं, "अंकल, वो आदमी नहीं है, मशीन जवाब दे रही है।"

मेश्रामांनी ते उत्तर परत एकदा वाचलं. मग म्हणाले, "असू दे. समजदार आहे."

*

एक छोटासा माझा पण आहे.

ऑफिसात मीटिंग चालली होती. कोणत्या तरी कामासाठी समिती नेमायची होती. मी मागच्या खुर्चीवर, टेबलाखाली फोन धरून सुडोकूची शेवटची ओळ भरत होते. साहेबांनी विचारलं, मॅडम, कितने सदस्य रखें? मला फक्त 'कितने' ऐकू आलं. मी म्हणाले, "सात."

साहेब म्हणाले, सात ही क्यों?

मी अजून सुडोकूतच होते. "सर, दूसरा कोई बैठ ही नहीं रहा।"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मोठा सुस्कारा सोडला. "सही कह रही हैं। इस डिपार्टमेंट में कोई बैठता ही नहीं।" समिती सातजणांची झाली.

*

काका एकटे एका स्पर्धेत उतरले तेव्हाची गोष्ट. त्यात कॅमेरा चालू ठेवायचा आणि खोलीत दुसरं कोणी नको, असा कडक नियम होता. काकांनी काकूंना सकाळपासून बजावून ठेवलं होतं.

स्पर्धा सुरू झाली आणि सूचना आली की खोलीत दुसरी व्यक्ती दिसत आहे. काकांनी स्क्रीनवरची नजर न हटवता ओरडून काकूंना आत जायला सांगितलं. परत सूचना आली. काका परत ओरडले. तिसऱ्यांदा स्क्रीन लाल झाली आणि काका बाद.

काकू तेवढ्यात दारातून आत आल्या. त्या सगळा वेळ आमच्याकडे पापड लाटत होत्या.

नंतर आयोजकांकडून पुरावा आला. काकांच्या मागच्या भिंतीवर त्यांच्या वडिलांचा हार घातलेला मोठा फोटो आहे. मशीननं त्या चेहऱ्याभोवती लाल चौकट काढली होती आणि खाली लिहिलं होतं, ही व्यक्ती सतत उत्तरपत्रिकेकडे पाहत आहे.

काकांना हे फार लागलं. पल्लवीला समोर बसवून त्यांनी अपील लिहवलं. सदर व्यक्ती माझे वडील असून त्यांना वारून बरीच वर्षं झाली. शिवाय त्यांना गणित येत नव्हतं.

आयोजकांनी लगेच उत्तर पाठवलं की पुढच्या वेळी वडिलांना दुसऱ्या खोलीत बसवावं.

काकांनी मग फोटो उलटा करायचं ठरवलं, तेव्हा काकू आडव्या आल्या. "मामाजीचं तोंड मी भिंतीकडे होऊ देणार नाही. तुम्हीच फिरून बसा."

*

मराठी शब्दकोड्यात मात्र आम्ही जिंकणार अशी आमची खात्री होती. रायपुरात राहून मराठी टिकवली, याचा काकांना फार अभिमान. चौघं एकत्र बसलो, मी शोधसूत्रं वाचायची, ज्याला सुचेल त्यानं सांगायचं. चहात घालतात, तीन अक्षरं, शेवटी र. पल्लवी म्हणाली, शक्कर. भरलं. दिवसाची सुरुवात, तीन अक्षरं. सुबह. भरलं. आभाळातून पडतो, तीन अक्षरं. बारिश. भरलं. सगळं इतकं चपखल बसत होतं की काका मधेच म्हणाले, सोपं काढलं हो यावेळी.

पुढंपुढं आडव्या शब्दांना उभे शब्द जुळेनात. तेव्हा आम्ही एकमतानं ठरवलं की कोडं काढणाऱ्यानंच चुका केल्या.

निकालाबरोबर आयोजकांची एक ओळ आली. आपली बरीचशी उत्तरं अर्थानं बरोबर आहेत, परंतु स्पर्धा मराठीची आहे.

चौघांपैकी एकालाही भरताना हे लक्षात आलं नव्हतं. पल्लवी ओशाळली. काका मात्र हटायला तयार नव्हते. "शक्कर मराठी नाही तं मग काय आहे?"

मी म्हणाले, काका, मराठीत साखर.

काकांनी विचार केला. "साखर पुस्तकात राहते. डब्ब्यात तं शक्करच राहते."

*

आम्हाला आजवर एकच बक्षीस मिळालं, तेही उत्तेजनार्थ. डोंगर, तळं आणि भलंमोठं आभाळ असलेलं जिगसॉ. तुकडे इतके, की ते काकांच्या डायनिंग टेबलावर मांडले आणि घरातली जेवणं जमिनीवर आली. काकूंनी पुष्कळ दिवस सहन केलं. शेवटी चित्र पूर्ण झालं, फक्त आभाळात मधोमध एक भोक राहिलं. तुकडाच नव्हता.

मेश्राम म्हणाले, माल डिफेक्टिव्ह आहे, तक्रार करा. काकांनी केली. कंपनी भली निघाली, त्यांनी नवा तुकडा कुरियरनं पाठवला. आकार अगदी बरोबर, जागेवर टक्कन बसला. पण तो दुसऱ्याच चित्रातला होता. त्यावर मांजरीचा डोळा होता.

तर आता डोंगर आहे, तळं आहे आणि निळ्या आभाळातून एक पिवळा डोळा खाली पाहतो आहे. मेश्राम पुन्हा तक्रारीला निघाले होते. तेवढ्यात काकू टेबल मोकळं झालं का ते बघायला आल्या. बराच वेळ चित्राकडे पाहत राहिल्या. मग पदर सावरून त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, पहिल्यांदा काहीतरी कामाचं आणलं.

चित्र हॉलमध्ये लागलं. काकू रोज त्याला उदबत्ती दाखवतात.

*

आणि मग ती फायनल.

आम्ही फायनलला पोचलो यात आमचा दोष नव्हता. लग्नसराई होती, चांगल्या चांगल्या टीम आल्याच नाहीत. पण काकांनी साऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सांगून ठेवलं होतं, सकाळी बूढ़ातालाबवर फिरायला येणाऱ्या मंडळींनाही. कोणी भाजी घेताना भेटलं तरी विचारायचं, काका, फायनल कब है? आता हरलो असतो तर काकांना फिरायला दुसरा तलाव शोधावा लागला असता.

नेमकं त्या रविवारी सकाळी लाइनचं काम निघालं आणि वीज गेली. वायफाय बंद. काका म्हणाले, तलावावर चला, तिथं नेटवर्क चांगलं मिळतं. थंडीचे दिवस होते, पण ऊन चढलं होतं, म्हणून स्वेटर, मफलर घरीच टाकून आम्ही चौघं बूढ़ातालाबच्या काठावर, काकांच्या नेहमीच्या बाकावर जाऊन बसलो. काकू म्हणाल्या, मी मागून डबा घेऊन येते.

त्या दिवशी सगळं सुचत होतं. मेश्रामांना माणूस म्हणून प्रवेश मिळाला. पल्लवीनं आकड्यांची साखळी सोडवली, मी चित्रातला फरक शोधला. शेवटचा प्रश्न राहिला तेव्हा आम्ही तिसऱ्या जागेवर होतो.

शेवटचा प्रश्न फोटोचा होता. धुकं, तलाव, काठावर बाक आणि बाकावर पाठमोरा बसलेला एक माणूस. कानाला मफलर, अंगात स्वेटर, त्याची एक बाही हिरवी, एक तपकिरी. हे शहर कोणतं?

पल्लवी म्हणाली, असे दोन रंगांचे स्वेटर पहाडी लोक घालतात. मी म्हणाले, तलाव आणि पहाड, म्हणजे नैनीताल. मेश्रामांनी शंका काढली की यात पहाड कुठं दिसतो? पल्लवी म्हणाली, "अंकल, धुंध में छुप गया होगा।" तरी मेश्रामांचं समाधान होईना. त्यांनी फोटोतला दिव्याचा खांब पाहिला, मग आमच्या शेजारचा खांब पाहिला आणि म्हणाले, दोन्ही सारखेच दिसून राहिले. काका म्हणाले, सरकारी खांब सगळीकडे सारखेच राहतात.

मग काकांनी फोटो मोठा केला आणि त्या माणसाकडे निरखून पाहिलं. "हा काही आपल्या इकडचा नाही. बसणं पाह्य ना त्याचं. थंडीची सवय असलेला माणूस आहे."

कॅप्टनचा निर्णय झाला. आम्ही नैनीताल लिहिलं आणि पाठवून दिलं. काकांनी बाकावर पाठ टेकली.

एवढ्यात काकू डबा घेऊन आल्या. त्यांनी विचारलं, काय पाठवलं? पल्लवीनं फोन त्यांच्यापुढं धरला. वर फोटो होता, खाली आमचं उत्तर. काकूंनी डबा बाकावर ठेवला आणि फोन हातात घेतला. आधी फोटो पाहिला, मग उत्तर वाचलं, मग पुन्हा फोटो पाहिला.

"हे तं माह्या हातचं स्वेटर आहे. हिरवी लोकर संपली म्हणून एक बाही भुरी केली होती."

मग त्या काकांकडे वळल्या.

"मले न सांगता तुम्ही नैनीतालले कधी गेले होते?"