आईची दहावी आणि माझी

शाळेत पालकसभा होती. गुरुजींनी सगळ्यांना कोरे कागद वाटले आणि सांगितलं, मुलांनी आणि पालकांनी आपापलं ध्येय लिहा. बाबांनी लिहिलं, 'खर्रा सोडणे.' ते ध्येय तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरूनच त्यांनी सांगितलं, की एकदम सोडला तर तब्येतीले त्रास होते, डॉक्टरबी तेच सांगतात. कोणता डॉक्टर, ते अजून कळलेलं नाही.

आई कापूस वेचता वेचता उठून सभेला आली होती, कमरेची ओटी सोडायलाही वेळ मिळाला नव्हता. तिनं लिहिलं, 'दहावी पास होणे.' नववीत असताना तिचं लग्न झालं होतं. आता गावच्या अंगणवाडीतली बाई निवृत्त होणार होती, त्या जागेला दहावी लागायची, आणि ती जागा आईला हवी होती. मी दहावीतच होते. 'पहिला वर्ग' लिहून मोकळी झाले. आईनं माझ्याच शाळेतून, बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. तिला शिकवायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी काही शांत मास्तरीण नव्हते.

त्या वर्षांत गाड्या भरभरून लोक आमच्याकडे यायचे, कापसाचं काय झालं ते विचारायचे, फोटो काढायचे आणि जेवायला यवतमाळला जायचे. एका बाईनं आईला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" आई म्हणाली, "भूमितीची भीती वाटते." त्या बाईनं ते लिहून घेतलं नाही.

आमचं भांडण मात्र भूमितीवरून नव्हतं.

"आठ बाया एक वावर सहा दिवसांत वेचतात, तर बारा बाया किती दिवसांत वेचतील?" मी विचारायची.

"पाच."

"चार! चार येते उत्तर!"

"मधात बाजाराचा दिवस येते ना व. बाजाराच्या दिवशी कोणती बाई वेचाले येते?"

"पुस्तकात बाजार नाई!"

"मंग मीठमिरची कुठून आणतात त्या?"

मी पुस्तक आपटायची. हा वाद हिवाळाभर चालला. शेवटी आईनं हात जोडले. "बरं बापा. पेपरात बाजार बंद."

पेपरात तसंच गणित आलं. आईनं चार लिहिलं. मी पाच. कसं काय, ते आजही सांगता येत नाही. त्या बारा बाया डोळ्यांपुढे आल्या, त्यांच्या हातात पिशव्या दिसल्या, आणि मी त्यांना एक दिवस सुटी देऊन टाकली.

मी गणितात दोन गुणांनी गेले. ते गणित तीन गुणांचं होतं. आई पास झाली.

खरं सांगते, मला तिचा भयंकर राग आला. मी दिवसभर जेवले नाही. शेजारणी निकाल विचारायला आल्या, तर आई म्हणाली, "अजून समजलं नाई." गुणपत्रिका वाटायला सुरुवात झाली तरी ती गेली नाही. म्हणाली, "ऑक्टोबरात तू पास झाली की दोघींची संगंच आणू." मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला अजून लाज वाटते.

दोन दिवसांनी बाबांच्या तोंडून निसटलं, की अंगणवाडीच्या अर्जाची मुदत शनिवारी संपते.

"काहून नाई सांगितलं मले?" मी आईवर ओरडले.

ती सरकी निवडत बसली होती. "तुह्या मैत्रिणी राहतीन तिथं. माही गुणपत्रिका पाहून तुले कसं वाटन?"

"वाईटच वाटन! तरी आणाची!"

ती उठेना. मग मीच तिचं हॉल तिकीट घेतलं, एका चिठ्ठीवर तिची सही करून घेतली आणि जीपमध्ये स्वतःला कोंबून एकटीच दारव्ह्याला गेले. आमच्या शाळेत रांग होती. माझ्या वर्गातल्या मुली हातात पेढ्यांचे पुडे घेऊन माझ्या पुढेही होत्या आणि मागेही.

"कोणाची पाहिजे?" खिडकीतल्या बाबूंनी विचारलं.

"आईची."

"काय? मोठ्यानं बोल."

"माह्या आईची!" मी म्हटलं. "ते पास झाली, मी नापास झाली. तिची द्या लवकर, तिले शनिवारच्या आत अर्ज कराचा आहे."