लोणावळ्यापर्यंत

“तुम्ही व्हा पुढं, मी इथूनच वळते.” कामशेत आलं की एक पाय जमिनीला टेकवून वहिनी हे म्हणायच्या आणि आमच्या उत्तराची वाट न बघता परत तळेगावच्या वाटेला लागायच्या.

आमच्या सायकल ग्रुपमध्ये त्यांच्याइतकं दमदार कोणी नव्हतं. चढावर आम्ही उतरून सायकल ढकलायचो, त्या गुणगुणत वर जायच्या. पण घरी सासूबाई होत्या. त्यांची स्मरणशक्ती गेलेली. पोटच्या मुलालाही ओळखत नसत, आणि वहिनींशिवाय कोणाच्या हातचा घास घेत नसत. न्याहारीच्या आत घरी पोचायचं, एवढीच वहिनींची दोरी. तुमच्याही सोसायटीत असं कोणी असेल, जिना उतरतानाच घड्याळ बघणारं.

भातकापणीच्या दिवसांत आम्ही वडिवळ्याच्या धरणाकडून फिरून लोणावळ्याला जायचं ठरवलं. “आज आईचं मी बघतो, तू जा,” असं त्यांचा नवरा हट्टानं म्हणाला, म्हणून वहिनी निघाल्या.

कामशेत मागं पडलं तशी त्यांची गुणगुण थांबली. वडिवळ्याजवळ फोनची रेंज गेली. बांधावर सायकल आडवी टाकून त्या फोन उंच धरून उभ्या राहिल्या. चेहरा पांढराफटक.

खाचरात भात झोडणाऱ्या मावशींनी हाक मारली, “बाई, हितं न्हाई लागायचा. धरणाकडं वर जावा, तितं लागंल.”

मी वहिनींबरोबर चढले. फोन लागला. “आईनं खाल्लं,” नवऱ्याचा आवाज मलाही ऐकू आला. “माझ्या हातानं. सगळं.”

“सगळं?” वहिनींनी दोनदा विचारलं. मला वाटलं, आता हसतील. त्या मटकन खाली बसल्या.

“म्हणजे खातात त्या,” म्हणाल्या. “मला वाटायचं...”

मग उठल्या, आणि लोणावळ्यापर्यंत आमच्यातलं कोणी त्यांना गाठू शकलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा त्या चहाच्या टपरीवर डोळे मिटून बसल्या होत्या. निघायच्या वेळी मी खांद्याला हात लावला, तर म्हणाल्या, “नको ना गं उठवूस इतक्यात.”

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं ताट पुढं केलं, ते सासूबाईंनी भिरकावून दिलं. पुढं पुढं तर वहिनी नजरेआड झाल्या तरी त्या रडू लागत. वहिनींचं येणं बंदच झालं.

परवा सकाळी आम्ही निघालो, तेव्हा त्या गॅलरीत सासूबाईंची वेणी घालत होत्या. मी हात केला. वहिनींचे दोन्ही हात पेडांत अडकलेले. त्यांनी नुसती मान हलवली. हात केला तो सासूबाईंनी, लहान मुलासारखा, आम्ही फाटकाबाहेर पडेपर्यंत.