रिकाम्या बाकावरचा नवा

आमच्या शाळेत दुसरीच्या बाईंना सगळे खटपट म्हणतात. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक आहे आणि त्याचं तिला काही वाटत नाही. माझा तिसरीचा वर्ग तिच्या वर्गाला लागून. मध्ये प्लायवूडची भिंत, भिंत कसली, पडदाच म्हणा! तिकडे कुणी शिंकलं तर इकडे माझी पोरं दचकतात. तेव्हा मी सांगते ते गावगप्पांतलं नाही, माझ्या या दोन कानांनी ऐकलेलं आहे.

तिच्या कपाटात काय नाही ते विचारा. बाटल्यांची झाकणं, मोडक्या छत्र्यांच्या काड्या, जुन्या कॅलेंडरांची कोरी पाठ. घरी जेवायच्या टेबलावरही कात्रणांचा ढीग. तिच्या सासूबाई म्हणतात, "या घरात ताट ठेवायचं तर आधी सूनबाईंची परवानगी काढावी लागते." नवरा मालाची गाडी चालवतो. तो बिचारा परगावाहून येताना काही चांगलंचुंगलं आणायचं सोडून खोक्यांचे पुठ्ठे आणतो, आणि ही खूश! एकच गोष्ट धरायची आणि तिच्यातून भाषा, गणित, परिसर, चित्रकला सगळं काढायचं, ही तिची पद्धत. आम्ही तासाला धडा उरकतो. ही एका भोपळ्यावर आठवडा काढते.

या वर्षी तिच्या वर्गात एक मुलगी आली. आई गेल्यापासून तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. घरात फक्त आजोबा. ते शिंपी, गळ्यातली मोजपट्टी तशीच ठेवून नातीला सोडायला यायचे. हेडसरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "सहामाहीपर्यंत मुलगी बोलली नाही तर तिला दूरच्या निवासी शाळेत पाठवावं लागेल. तिथे अशा मुलांची सोय आहे." आजोबांनी हात जोडले. "साहेब, ती गेली तर घरात उरलो मी आणि मशीन." हेडसर वाईट नाहीत, पण एकदा नियमावर बोट ठेवलं की ठेवलं.

खटपटीने नाना उपाय केले. बाहुल्या नाचवल्या, मुखवटे घातले. मुलगी नुसती बघायची. मग एका सकाळी तिने वर्गात एक जादा बाक आणवला आणि मुलांना म्हणाली, "आज आपल्याकडे एक नवा मुलगा आलाय. दिसत नाही, फार लाजाळू आहे. त्याला काही म्हणजे काही येत नाही. तुम्ही शिकवाल ना?"

मी पलीकडे कपाळाला हात लावला. पण खोटं कशाला बोलू? पोरं पेटलीच. "हा खडू, हा फळा," असं बाकाला सांगू लागली. शेंगदाणे वाटून घेताना नव्याचा वाटा आधी काढू लागली. ज्यांना साधी बेरीज जमत नव्हती, ती नव्याला शिकवायची म्हणून घरून शिकून येऊ लागली. मला तर हेवाच वाटला.

चित्रकलेच्या तासाला सगळ्यांनी नव्याचं चित्र काढलं. कुणाचा नवा गोरा, कुणाचा काळा, कुणाचा झिपऱ्या. पण एकूण एक चित्रात त्याचा एक पाय अनवाणी होता. "कुणी सांगितलं रे तुम्हाला?" खटपटीने विचारलं. "त्यानेच! त्याची एक चप्पल हरवली," पोरं म्हणाली. मला हे सांगताना ती हसली खरी, पण ते हसू ओठांपुरतंच होतं.

मग सावल्यांचा पाठ आला. मैदानात उन्हात उभं राहायचं आणि जोडीदाराने खडूने सावली आखायची. आखून झाल्यावर पोरं आत पळाली. मी खिडकीतून बघितलं तर ती मुलगी अजून गुडघ्यांवर बसलेली. समोर कुणी नव्हतं, आणि ती जमिनीवर खडू फिरवत होती. डोकं झालं, खांदा झाला, हाताशी आल्यावर एकेका बोटाच्या मधून सावकाश, बघून बघून. आणि मान वर करून म्हणाली, "हलू नको ना."

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो हा. आनंद व्हायला हवा होता, पण मला घाम फुटला.

त्यानंतर मधल्या सुट्टीत भिंतीपलीकडून रोज शिकवणी ऐकू यायची. "म्हण, पाणी." मग बारीक आवाजात, "पाणी." मला वाटलं, दोन्ही आवाज तीच काढते. एकदा मी दबक्या पावलांनी जाऊन दारातून डोकावले. मुलगी तोंडात घास कोंबून डबा खात होती, गाल फुगलेले. आणि बाकावरून आलं, "पाणी."

मी तशीच मागे फिरले. खटपटीला गाठून म्हटलं, "अगं, विस्तवाशी खेळतेस तू!"

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मीही ऐकलंय. पण ती बोलतेय ना? तिला इथे ठेवायचं तर मला काहीही चालेल."

सहामाहीला हेडसर आले. खिडकीबाहेर आजोबा उभे होते. मीही वर्ग सोडून दारात गेले, खोटं नाही सांगत. हेडसरांनी मुलीला नाव विचारलं, आजोबांचं काम विचारलं. मुलगी गप्प.

"सर, ती त्याच्याशी बोलते," खटपट बाकाकडे बोट दाखवत म्हणाली.

"बाई, लाकडाशी बोलणं हे काही बोलणं नव्हे," हेडसर वैतागले. "आधी हे सोंग बाहेर काढा, मग बघू."

खटपटीने खिडकीकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं, आणि मुलीची बाजू धरली. "मुलांनो, नव्याला आता सगळं येतं. आता तो चालला. टाटा करा." गरज सरो, वैद्य मरो, अशातलाच प्रकार. एकाही पोराने हात वर केला नाही.

शिपायाने बाक ओढला. एरवी दोन दोन बाक खांद्यावर नेणारा माणूस तो, पण आज बाक जागचा हलेना. "काय अडकलंय कोण जाणे," म्हणत तो खाली वाकला.

तेवढ्यात ती मुलगी उठली आणि सरळ हेडसरांच्या समोर जाऊन खणखणीत आवाजात म्हणाली, "त्याला काढू नका. त्याला कुठे जायचं ते माहीत नाही."

हेडसरांनी विचारलं, "कुणाला गं बाळ?"

"तुम्ही त्याच्या पायावर उभे आहात."

हेडसर टुणकन बाजूला झाले! खाली बघायची त्यांची हिंमत झाली नाही. "मुलगी बोलते. इथेच राहील," असं म्हणत ते तरातरा निघून गेले. बाहेर आजोबा पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले. नातच त्यांची समजूत काढत होती, मोठ्या माणसासारखी. दोघं बोलत बोलत घरी गेली.

शाळा सुटल्यावर मी खटपटीला मिठी मारली. "जिंकलीस गं बाई!" तर तिने माझे हात बाजूला केले.

"चुकलं गं माझं," ती म्हणाली. "तो येणार कसा, शिकणार काय, सगळं ठरवलं होतं मी. जाणार कसा ते ठरवलंच नाही. सगळं शिकवलं त्याला, घरी जायचं सोडून."

"अगं, त्याला कुठलं घर? तूच तर त्याला आणलंस."

"तेच तर! घरच दिलं नाही त्याला मी."

 

तेव्हापासून पोरं गेली की ती वर्गात मागे राहते. शाळेतली तिची सगळ्यात अवघड शिकवणी तेव्हा सुरू होते. भिंतीपलीकडून तिचा आवाज येतो, "दार. पायरी. मैदान. फाटक." बारीक आवाज मागोमाग म्हणतो, "दार. पायरी. मैदान. फाटक." आणि पुढच्या शब्दाची वाट बघत थांबतो. खटपटीला पुढचा शब्द सापडत नाही. मग ती पुन्हा 'दार'पासून सुरू करते. मी इकडे पर्स खांद्याला लावून उभी असते, घरी जायचं असतं, पण पाय निघत नाही.