राजनिष्ठ पक्षाचे साडेचार महिने

"सिंहासनावर सांडगे कोणी वाळत घातले?"

"मी," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "घरात ऊन येणारी खिडकी एकच, आणि तिच्यापुढे तुम्ही हे धूड ठेवलंय. मग सांडगे काय तुमच्या डोक्यावर घालू?"

"अगं, महाराज अचानक आले तर?"

"आले तर तळून वाढीन."

त्याच खिडकीशी त्यांचं शिलाई मशीन असायचं. वीस वर्षं चाललेला क्लास साडेचार महिने बंद होता. रोज कुणीतरी विचारायचं, "काकू, कधी सुरू?" आणि बाई काहीबाही सांगून वेळ मारून न्यायच्या.

प्रभाकररावांनी महापालिकेत तेहतीस वर्षं कारकुनी केली. अर्जात एक ओळ जरी खोटी दिसली तरी लाल शाईने 'त्रुटी असल्याने परत' लिहून तो परत करायचा, मग अर्जदार नगरसेवकाचा मेव्हणा का असेना. निवृत्तीनंतर सोसायटीच्या बंद लिफ्टसाठी तीनदा मतदान झालं. तिन्ही वेळा चौदा विरुद्ध चौदा. गुडघे धरून चार मजले चढताना प्रभाकररावांना साक्षात्कार झाला, की राजा असता तर एका हुकमात लिफ्ट चालली असती. आजोबा पालेगड संस्थानात दप्तरदार होते, तेव्हा राजनिष्ठा रक्तातच होती. त्यांनी डोंबिवलीत राजनिष्ठ पक्ष काढला. माजिवड्याच्या मंडपवाल्याने मोडीत काढलेली लग्नातली लाल मखमली खुर्ची टेम्पोतून आणली. ती चार मजले चढवताना हमालांनी राजाचा जो उद्धार केला, तो इतिवृत्तात घेतला नाही.

पालेगडचे वारस विनीतराव कोलशेतला टॉवरमध्ये राहत. ते फोनवर म्हणाले, "काका, इथे लोक मला सोसायटीचा सेक्रेटरी करायला बघतायत, तेच चुकवतोय. राजा कुठे करता!"

"थोर माणसं आधी नकोच म्हणतात," प्रभाकररावांनी घरी सांगितलं.

त्या दिवशी सांडग्यांचा वाद चालू असतानाच मुलगा सुश्रुत पक्षनोंदणीचे कागद घेऊन आला. प्रभाकररावांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली आणि एका ओळीशी थांबले. पक्षाची लोकशाहीवर निष्ठा राहील, असं लिहून द्यायचं होतं.

"बाबा, करून टाका सही. कोण बघतंय?"

"मी बघतोय."

"अहो, सगळेच करतात," शेजारचे भाऊ म्हणाले. ते पक्षाचे उपाध्यक्ष, आणि चहापुरते हजर असत.

प्रभाकररावांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग खणातून लाल पेन काढून त्यांनी स्वतःच्याच अर्जाच्या कोपऱ्यात लिहिलं, 'त्रुटी असल्याने परत', आणि खाली तारीख घातली.

भाऊंनी कप खाली ठेवला. मंदाकिनीबाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे एकदा पाहिलं, सांडग्यांचं ताट उचललं आणि मखमलीवरचा चुरा पदराने झटकला.

"खुर्ची मंडपवाल्याला परत देतो," प्रभाकरराव पडेल आवाजात म्हणाले.

"काही नको. पाठीला बरी आहे. मशीन तिच्यापुढे येईल, तिच्यात मी बसेन. सोमवारपासून क्लास सुरू."